ओझोन थराला घातक असलेली औद्योगिक द्रावके: ग्राहकाने मागितलेल्या हमीपत्रावर सही करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: भोसरीतील लघुउद्योजक

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा लहान कारखाना आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी लागणारे पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे सुटे भाग आम्ही सीएनसी यंत्रांवर तयार करतो आणि मशिनिंगनंतर राहिलेले कटिंग ऑइल व बारीक चिप्स काढण्यासाठी व्हेपर डिग्रीझर, म्हणजे उकळत्या द्रावकाच्या वाफेने भाग धुणारी टाकी, वापरतो. त्यात पूर्वीपासून ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला ‘ट्रायक्लो’ म्हणतात ते, भरले जात असे. अलीकडे पुरवठादार बदलला. नव्या पुरवठादाराच्या ड्रमवर केवळ ‘इंडस्ट्रियल क्लीनिंग सॉल्व्हंट’ एवढेच छापलेले असते. घटकांची माहिती मागितली असता, हा फॉर्म्युला गोपनीय आहे, परंतु माल ‘ओझोन सेफ’ आहे, असे तोंडी उत्तर मिळाले.

आमचे भाग ज्या ग्राहकाकडे जातात त्याची जुळणी अमेरिकेला निर्यात होते. त्या ग्राहकाने आता लेटरहेडवर असे हमीपत्र मागितले आहे की, आमच्या उत्पादनात, तसेच उत्पादनाच्या प्रक्रियेतही, ओझोन थराचा ऱ्हास करणारा कोणताही पदार्थ वापरला जात नाही. माझी अडचण अशी की, आपल्याकडचा कायदा नेमक्या कोणत्या द्रावकांना लागू होतो हे मला ठामपणे ठाऊक नाही आणि ठाऊक नसताना सही करण्याची माझी तयारी नाही. शिवाय हा गाळा आम्ही घेतला तेव्हा मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकाने ठेवलेला कार्बन टेट्राक्लोराइडचा एक अर्धवट भरलेला ड्रम होता. तो अजून तसाच आहे. त्याचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: रासायनिक अभियंता, पाषाण

ज्या द्रावकाची रचना लेखी मिळालेली नाही, त्याच्या भरवशावर हमीपत्र देऊ नका, हे मी सुरुवातीलाच सांगतो. कायदा ड्रमवरचे व्यापारी नाव पाहत नाही, आतला पदार्थ पाहतो. ‘ओझोन सेफ’ या शब्दांना कायद्याच्या दृष्टीने काहीही वजन नाही.

या सगळ्याचा पाया ओझोन थर वाचवण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार आहे. मूळ करारातील द्रावक म्हणजे प्रामुख्याने सीएफसी-११३ (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन). १९९० च्या लंडन दुरुस्तीने त्यात कार्बन टेट्राक्लोराइड आणि मिथिल क्लोरोफॉर्म यांची भर पडली. मिथिल क्लोरोफॉर्मचे शास्त्रीय नाव १,१,१-ट्रायक्लोरोएथेन आहे. १९९२ च्या कोपनहेगन दुरुस्तीने एचसीएफसी (हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन) गटाला कक्षेत आणले आणि १९९९ च्या बीजिंग दुरुस्तीने ब्रोमोक्लोरोमिथेनला. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ओझोन थराचा ऱ्हास करणाऱ्या पदार्थांचे विनियमन व नियंत्रण करणारे नियम केंद्र सरकारने जुलै २००० मध्ये अधिसूचित केले आणि पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या केल्या. उत्पादन, आयात, निर्यात, विक्री, खरेदी आणि वापर या सर्व टप्प्यांवर नोंदणीची व नोंदी ठेवण्याची जबाबदारी या नियमांनी टाकलेली आहे. म्हणजे ही जबाबदारी फक्त माल बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर नाही. विकत घेऊन वापरणाराही तिच्या बाहेर राहत नाही.

मुदतींचे चित्र असे आहे. विकसनशील देशांनी कार्बन टेट्राक्लोराइडचा नियंत्रित वापर २००५ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा होता आणि १ जानेवारी २०१० पासून पूर्ण थांबवायचा होता. मिथिल क्लोरोफॉर्मसाठी हीच अंतिम तारीख १ जानेवारी २०१५ होती. एचसीएफसी गटातील कपात टप्प्याटप्प्याने २०३० पर्यंत चालू आहे. मात्र त्यातील एचसीएफसी-१४१बी हा पदार्थ भारतात तयार होत नाही आणि त्याच्या आयातीचे परवाने देणे १ जानेवारी २०२० पासून बंद करण्यात आले आहे. तो मुख्यतः फोम उद्योगात वापरला जात असे, तरी द्रावक म्हणूनही त्याची विक्री होत होती.

ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन, मिथिलीन क्लोराइड आणि एन-प्रोपिल ब्रोमाइड ही चार द्रावके माँट्रियल कराराच्या नियंत्रित यादीत नाहीत. नामसाधर्म्यामुळे येथे मोठा गोंधळ होतो, म्हणून हे लक्षात ठेवा की, ट्रायक्लोरोएथिलीन आणि ट्रायक्लोरोएथेन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिला यादीबाहेर आहे, तर दुसऱ्याचा १,१,१ हा प्रकार यादीत आहे. बाजारात दोघांनाही ‘ट्रायक्लो’ म्हणताना मी ऐकले आहे. त्यामुळे पुरवठादाराकडून नाव मागू नका, सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, मागा. कार्बन टेट्राक्लोराइडचा क्रमांक ५६-२३-५, १,१,१-ट्रायक्लोरोएथेनचा ७१-५५-६, सीएफसी-११३ चा ७६-१३-१ आणि एचसीएफसी-१४१बीचा १७१७-००-६ आहे. तुमच्या जुन्या ट्रायक्लोरोएथिलीनचा क्रमांक ७९-०१-६ आहे. सुरक्षितता माहितीपत्रकाच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे घटकांच्या विभागात, हे क्रमांक आणि प्रत्येकाची टक्केवारी असायला हवी. तो विभाग कोरा किंवा मोघम असेल, तर ते माहितीपत्रक तुमच्या कामाचे नाही.

उत्तर: चाकण, गुणवत्ता विभाग

ग्राहक ‘प्रक्रियेतही’ हा शब्द का वापरतो, एवढेच सांगतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातील कलम ६११ नुसार, पहिल्या वर्गातील ओझोननाशक पदार्थ ज्यात आहेत अशाच नव्हे, तर असे पदार्थ वापरून जी बनवली आहेत अशा वस्तूंवरही इशारा देणारे लेबल लावणे १९९३ पासून बंधनकारक आहे. भाग धुऊन कोरडा झाला आणि त्यावर द्रावकाचा एक थेंबही उरला नाही, तरी तो पहिल्या वर्गातील द्रावकाने धुतलेला असेल, तर हा प्रश्न उपस्थित होतो. कार्बन टेट्राक्लोराइड, मिथिल क्लोरोफॉर्म आणि सीएफसी-११३ हे तिन्ही पहिल्या वर्गात येतात. तिकडचा आयातदार ही चौकशी पुरवठा साखळीत खाली ढकलतो आणि ती शेवटी भोसरीच्या गाळ्यापर्यंत येते.

हमीपत्राचा मसुदा ग्राहकाने दिला असेल तर ‘कोणताही पदार्थ’ अशी सरसकट शब्दरचना मान्य करू नका. ‘माँट्रियल कराराच्या परिशिष्ट अ, ब, क आणि ई मध्ये नमूद केलेले पदार्थ’ असे लिहा. आता परिशिष्ट फ सुद्धा आहे, पण त्यात २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आलेले एचएफसी वायू आहेत. ते ओझोनचा ऱ्हास करत नाहीत, तापमानवाढ करतात, म्हणून त्यांचा उल्लेख या हमीपत्रात मिसळू नये. तसेच तुम्ही प्लेटिंग किंवा ॲनोडायझिंग बाहेरून करून घेत असाल, तर त्या जॉबवर्क करणाऱ्याकडूनही असेच लेखी पत्र घ्या, कारण तुमच्या सहीखाली त्याचीही प्रक्रिया येते.

उत्तर: पिंपरी, फाउंड्री व्यवसाय

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. ओझोन थर भरून येत असल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा स्थितीत एका डिग्रीझरमधून उडणाऱ्या काही लिटर द्रावकासाठी लघुउद्योगाने चाचण्या, नोंदी आणि सल्लागारांचा खर्च करावा, हे मला पटत नाही. मोठ्या उत्पादकांवर लक्ष ठेवले तरी पुरेसे होईल.

उत्तर: रासायनिक अभियंता, पाषाण

खर्चाची अडचण खरी आहे आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु थर भरून येत आहे तो या नियंत्रणामुळेच. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार, सध्याची धोरणे चालू राहिली तर ओझोनचे प्रमाण १९८० च्या पातळीवर जगाच्या बहुतांश भागात सुमारे २०४० पर्यंत, आर्क्टिकवर सुमारे २०४५ पर्यंत आणि अंटार्क्टिकावर सुमारे २०६६ पर्यंत परत येईल. त्या वाक्यातील ‘सध्याची धोरणे चालू राहिली तर’ ही अट सैल होऊ शकते, याचा पुरावा २०१८ मध्ये मिळाला. जगभर बंद झालेल्या सीएफसी-११ चे उत्सर्जन पुन्हा वाढत असल्याचे हवेच्या नमुन्यांतून दिसले आणि त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. कारवाई झाल्यावर ते उत्सर्जन पुन्हा उतरले.

द्रावकांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण फ्रिजमधला वायू वर्षानुवर्षे नळीत बंद राहतो, पण द्रावक हे भागावरून उडून जाण्यासाठीच वापरलेले असते. तुम्ही जेवढे विकत घेता त्यातील तळाशी उरलेला गाळ आणि परत मिळालेला अंश सोडला, तर उरलेले सर्व हवेत जाते. वर गेल्यावर काय होते, ते मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. स्थितांबरातील, म्हणजे ओझोन थर असलेल्या वरच्या वातावरणातील, अतिनील किरणांमुळे रेणू फुटून क्लोरिनचा अणू सुटतो. तो ओझोनचा रेणू तोडतो आणि चक्राच्या शेवटी स्वतः पुन्हा मोकळा होतो. म्हणूनच एका अणूमागे हजारो रेणू नष्ट होतात. कार्बन टेट्राक्लोराइडची ओझोन ऱ्हास क्षमता १.१ धरली जाते, म्हणजे प्रमाण मानलेल्या सीएफसी-११ पेक्षाही थोडी अधिक. मिथिल क्लोरोफॉर्मची क्षमता ०.१ आहे आणि त्याचे हवेतील आयुष्य साधारण पाच वर्षांचे. त्याचे उत्पादन थांबताच हवेतील प्रमाण वेगाने घसरले. या कराराचे सर्वात लवकर दिसलेले फळ म्हणजे ही घसरण, आणि ते द्रावकांवरील बंदीतून मिळाले आहे, हे आपण उद्योगातील माणसांनी विसरू नये.

कार्बन टेट्राक्लोराइडचे तसे झाले नाही. क्लोरोमिथेन बनवताना ते सोबत तयार होतेच आणि इतर रसायनांचा कच्चा माल म्हणून त्याचा वापर करारानेच वगळलेला आहे. त्यामुळे ते आजही कायदेशीरपणे तयार होते आणि हवेतील मोजमापांवरून निघणारे त्याचे उत्सर्जन देशांनी कळवलेल्या आकड्यांपेक्षा बरेच अधिक भरते. कारखान्याच्या दारातून कच्चा माल म्हणून निघालेला पदार्थ वाटेत साफसफाईच्या ड्रममध्ये शिरू नये, यासाठीच खरेदीदाराची नोंद महत्त्वाची ठरते.

उत्तर: औद्योगिक आरोग्य, पुणे

वरील चर्चेत एक गोष्ट राहून जाईल अशी भीती वाटते. ओझोनच्या यादीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. ट्रायक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गट १ मध्ये ठेवले आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याचा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांत. परक्लोरोएथिलीन आणि मिथिलीन क्लोराइड गट २अ मध्ये आहेत. एन-प्रोपिल ब्रोमाइड गट २ब मध्ये असून मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसली की कामगार ती थकव्यावर ढकलतो आणि तपासणी लांबते. युरोपीय संघाने ट्रायक्लोरोएथिलीन आणि एन-प्रोपिल ब्रोमाइड हे दोन्ही पदार्थ पूर्वपरवानगीशिवाय वापरता येणार नाहीत अशा यादीत टाकले आहेत.

आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४१फ आणि दुसऱ्या अनुसूचीनुसार कामाच्या जागेच्या हवेतील रसायनांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. डिग्रीझरच्या काठाशी, कामगार टोपली उचलतो त्या उंचीवर, हवेचे मोजमाप करून घ्या. टोपली झटकन वर ओढली की वाफेचा थर तिच्याबरोबर बाहेर येतो. ती सावकाश उचलून थंड कॉइलच्या पट्ट्यात थोडा वेळ निथळू दिली, तर द्रावकाचा खप आणि कामगाराच्या श्वासात जाणारी वाफ, दोन्ही कमी होतात. डिग्रीझरजवळ वेल्डिंग किंवा उघडी ज्योत कधीही नको, कारण क्लोरिनयुक्त वाफ तापली की फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. तुम्ही ॲल्युमिनियमचे भाग धुता, म्हणून आणखी एक सूचना: द्रावकातील स्टॅबिलायझर (द्रावक बिघडू नये म्हणून घातलेला पदार्थ) संपला आणि टाकीच्या तळाशी ॲल्युमिनियमच्या बारीक चिप्स साचून राहिल्या, तर द्रावक आम्ल होऊन विघटन सुरू होते. द्रावकात आम्ल शोषण्याची किती ताकद उरली आहे हे दाखवणारी ‘ॲसिड ॲक्सेप्टन्स’ चाचणी नियमित करा आणि टाकीचा तळ साफ ठेवा.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न: भोसरीतील लघुउद्योजक

सर्वांचे मनापासून आभार. पुरवठादाराकडून लेखी पाठपुराव्यानंतर माहितीपत्रक आले, पण त्यात ‘हॅलोजनेटेड हायड्रोकार्बन, ९० ते १०० टक्के’ एवढेच लिहिले आहे. सीएएस क्रमांकाच्या जागी ‘गोपनीय’ असा शब्द आहे. आमच्याकडे हायड्रोमीटर होता म्हणून नव्या, सीलबंद ड्रममधील द्रावकाची घनता पाहिली. ती १.३४ च्या आसपास आली. डिग्रीझरमधील वाफेचे तापमान ७२ अंशांच्या जवळ स्थिर राहते. यावरून काही निष्कर्ष काढता येईल का?

उत्तर: रासायनिक अभियंता, पाषाण

तुम्ही उत्तम काम केलेत. या दोन आकड्यांवरून बऱ्याच शक्यता बाद होतात. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता १.४६ आणि उत्कलनबिंदू ८७ अंश असतो, म्हणून ते नाही. परक्लोरोएथिलीनची घनता १.६२ असून ते १२१ अंशांना उकळते. कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांच्या आसपास उकळते, परंतु त्याची घनता १.५९ आहे. मिथिलीन क्लोराइडची घनता १.३३, म्हणजे तुमच्या आकड्याला जवळची. मात्र ते ४० अंशांनाच उकळते, त्यामुळे ७२ अंशांची वाफ त्याची असू शकत नाही. मिश्रण नसेल, तर उरतात फक्त दोघे. एन-प्रोपिल ब्रोमाइडची घनता १.३५ आणि उत्कलनबिंदू ७१ अंश आहे. १,१,१-ट्रायक्लोरोएथेनची घनता १.३४ आणि उत्कलनबिंदू ७४ अंश.

नेमकी अडचण येथे आहे. यांतील एक पदार्थ कराराच्या यादीबाहेर आहे आणि दुसरा बंद झालेला आहे, पण हायड्रोमीटर आणि थर्मामीटर त्यांच्यात फरक करू शकत नाहीत, कारण स्टॅबिलायझरमुळे आणि टाकीत उतरलेल्या तेलामुळे एवढा फरक सहज झाकला जातो. सध्याचा बाजार पाहता एन-प्रोपिल ब्रोमाइड असण्याची शक्यता अधिक वाटते. तरीही शक्यतेवर सही करता येत नाही. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणारी, चाचणी करून घ्या. नमुना डिग्रीझरमधून न घेता सीलबंद ड्रममधून घ्या, गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकणाला टेफ्लॉनचा पडदा असू द्या आणि बाटलीवर ड्रमचा बॅच क्रमांक लिहा. अहवालात तोच बॅच क्रमांक आला पाहिजे, अन्यथा पुढे त्याचा उपयोग होणार नाही. घरगुती उपाय म्हणून तांब्याची तार ज्योतीत धरून पाहण्याची पद्धत काही जण सुचवतील. ती करू नका. तिने हॅलोजन आहे एवढेच कळते आणि धूर विषारी असतो.

एन-प्रोपिल ब्रोमाइड निघाले, तर तुम्ही हमीपत्रावर सही करू शकाल, कारण ते कोणत्याही परिशिष्टात नाही. तरीही ते ओझोनच्या बाबतीत पूर्ण निर्दोष आहे असे मानू नका. करारातील देशांनी २००१ मध्येच त्याचा वापर मर्यादित ठेवण्याचे आवाहन केले होते. त्याचे हवेतील आयुष्य अल्प असल्यामुळे ते कोठून सोडले जाते याला महत्त्व येते. उष्ण कटिबंधात हवा जोराने वर उचलली जाते, म्हणून पुण्याच्या अक्षांशावर सोडलेला किलोभर पदार्थ युरोपात सोडलेल्या किलोभर पदार्थापेक्षा स्थितांबराला अधिक हानी पोहोचवू शकतो. यादी तयार करताना जगाची सरासरी पाहिली जाते, पण आपण जेथे राहतो तेथील मान्सूनची हवा सरासरीप्रमाणे वागत नाही.

उत्तर: पर्यावरण सल्लागार, वाकडेवाडी

जुन्या ड्रमबद्दल कोणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. तो ड्रम भंगारवाल्याला देऊ नका, दुसऱ्या कारखान्याला ‘वापरून टाका’ म्हणून देऊ नका आणि उघडा ठेवून उडू तर मुळीच देऊ नका. उपयोग संपलेले द्रावक हे घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतील प्रवर्ग २० मध्ये येते. ड्रम सावलीत, गळती धरणाऱ्या ट्रेवर ठेवा, त्यावर नाव लिहा आणि तो सापडल्याची लेखी माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या उपप्रादेशिक कार्यालयाला द्या. हा माल तुम्ही खरेदी केलेला नाही, हे गाळ्याच्या खरेदीखतासह त्याच पत्रात नमूद करा. स्वतःहून कळवणे आणि तपासणीत सापडणे या दोहोंत फार अंतर आहे. जनविश्वास अधिनियम, २०२३ नंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मधील तुरुंगवासाची शिक्षा गेली असली, तरी दंड १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

विल्हेवाटीसाठी रांजणगावच्या सामायिक घातक कचरा प्रक्रिया केंद्राशी संपर्क साधता येईल. मात्र क्लोरिनचे इतके मोठे प्रमाण असलेला द्रव जाळण्याची परवानगी व क्षमता त्यांच्याकडे आहे का, हे आधी लेखी विचारा. माल निघताना नमुना १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र, भरावा लागेल आणि त्याची प्रत जपून ठेवावी लागेल. घातक कचरा सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात साठवता येत नाही. वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचे असते. तुमच्या डिग्रीझरच्या तळाचा गाळ आतापर्यंत त्यात दाखवला जात नसेल, तर या वर्षीपासून दाखवा.

आणि एक शेवटचा मुद्दा, कारण ही सगळी कटकट पाहून पाण्यावर चालणाऱ्या धुलाई यंत्राचा विचार तुमच्या मनात येईलच. तो विचार चांगला आहे; पितळ आणि ॲल्युमिनियम या दोन्हींना चालणारी सौम्य अल्कली रसायने मिळतात आणि गरम हवेची वाळवणी जोडली तर डागही पडत नाहीत. परंतु त्यामुळे हवेतला प्रश्न पाण्यात येतो. धुलाईचे तेलकट पाणी हे औद्योगिक सांडपाणी असल्यामुळे कारखाना चालवण्यासाठी मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात त्याचे प्रमाण नोंदलेले असावे लागते आणि केवळ कोरड्या प्रक्रियेची संमती असलेल्या बऱ्याच गाळ्यांत ते शून्य लिहिलेले असते. यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी तुमच्या संमतीपत्रातील तो आकडा पाहून घ्या आणि गरज असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी करा.